नंबर

सात हजार चारशे.
विश्रामबागेतलं दुकान, काचेचं दार,
बूट घालून बघायच्या आधी मोजाही तेच देतात.
बिल चौपदरी घडी करून
कॅशच्या बॅगेत टाकलं,
घरी सांगितलं, "बाराशे."

खोटं आठ दिवस टिकलं.
मग सासूबाईंना खोकं सापडलं.
पेपर वाचायला त्यांना चष्मा लागतो,
त्या दिवशी नाही लागला.

मी सांगली डेपोला कंडक्टर.
सांगली-जत, जत-सांगली.
बाकी जग किंमत रुपयांत मोजतं,
मला टप्प्यात मोजायची सवय.
रोजचे तीस टप्पे, मधल्या वाटेत उभी,
एक गुडघा कुणाच्या तरी पोत्याला टेकलेला.
पहिल्या वर्षी बूट टप्प्याला रुपयाला पडला.
दुसऱ्या वर्षी आठ आण्यांना.
तिसऱ्या वर्षी कवठेमहांकाळच्या पुढं
पोटऱ्या दुखल्या नाहीत, हे लक्षात यायलाही
जत यावं लागलं.

स्टँडबाहेर सातपुते बसतात.
त्यांच्या पुढ्यात कुणाचा तरी चौदा हजारांचा
उघडा पडला होता, तळ आणि वरचा भाग वेगळे.
"बघा बाई. आत पुठ्ठा. नाव तेवढं चामड्यावर."
माझा घेतला, उलटा केला,
अंगठ्यानं दाबत कडेकडेनं गेले.
"ह्याला शिवण हाय," म्हणाले,
आणि पॉलिशचे पैसे घेतले नाहीत.

सगळंच असं सुटत नाही.
भाचीच्या लग्नाला पुण्याहून एक कुर्ता घेतला होता,
गळ्यामागे डिझायनरचं नाव, इतकं टोचरं
की जेवणाच्या पंगतीपर्यंत मान लाल.
सहा हजार भागिले एक.
तेव्हापासून पेटीत, डांबरगोळ्यांच्या राज्यात.
पण हॉलमधल्या त्या फोटोत
मी मान वर करून हसतेय,
खाकीत मी तशी कधी हसलेली नाही.
हा हिशोब मशीनवर येत नाही.
फोटोखालून जाताना मी तो पुढच्या फेरीला टाकते.

संग्रामनं आठवीत मागितले तसलेच,
बाजूला पांढरी रेघ असलेले, आठ हजारांचे.
मी म्हटलं, पाय वाढतोय रे तुझा.
जूनला सहा, दिवाळीला सात.
पाय थांबू दे, मग बघू.
तो गणपती पेठेतले साडेतीनशेचे घालून
शाळेत गेला, पुन्हा कधी बोलला नाही.
फक्त दर दिवाळीला टाच भिंतीला लावायचा
आणि अंगठ्यापुढं फरशीवर पेन्सिलीनं रेघ मारायचा.
सात. आठ. नऊ.
मला त्या रेघा पुसाव्याशा वाटायच्या नाहीत.
पैसे वाचायचे, हे खरं.
तेवढंच खरं नव्हतं.

परवा पुन्हा टाच लावली.
मिसरूड फुटलेला, आयटीआयच्या निळ्या शर्टातला,
पाय बरोबर गेल्या वर्षीच्या रेघेवर.
पेन्सिल त्यानं कानावर तशीच ठेवली.
मी वाकून बघितलं.
उजेडाकडून बघितलं.
बोटभर तरी गेला असता,
अर्धं बोट तरी.

वीस वर्षं मी भरल्या गाडीत ओरडत आले,
पुढं सरका, पुढं सरका.

शनिवारी मला सुट्टी आहे.