तृतीय पुरुषी एकवचन

फ्यूस, फ्यूस, फ्यू,
फ्यूसियाँ, फ्यूसिए, फ्यूस.
मायलीस घडाघडा म्हणते
आणि घड्याळाकडे बघते.
परीक्षेला हे नाही. कुणालाच नाही आता.
"हे बोलतं कोण, बाई?"
"कुणी नाही," विदालँकबाई म्हणतात.
"मेलेली माणसं. आणि मी, मांजराशी."

ओरियाकमध्ये दुपारचे चार.
समोरच्या छत्र्यांच्या कारखान्याला
टाळं लागून अकरा वर्षं झाली.
दारावर अजून एक लोखंडी छत्री लोंबते,
कापड नाही, नुसत्या काड्या.

बाई टेबलावर सांडलेल्या साखरेत
बोटाने लिहितात.
हा काळ इच्छेचा, पोरी, पण कालच्या इच्छेचा.
हवं होतं, की असावं.
भीती होती, की जाईल.
आणि बघ, सहा जणांत टोपी एकालाच.
मी आणि तू इथे समोरासमोर,
आपल्याला ती कशाला?
टोपी त्याला, जो खोलीत नाही.

पूर्वी तिथे एक स होता.
कुणी उच्चारेना, तसा गेला,
जाताना यू-वर एवढं छप्पर ठेवून गेला.
(आपल्या नांवातलं, गांवातलं टिंब गेलं
तेव्हा मागे काहीच राहिलं नाही.
आजोबांच्या वहीत तेवढं दिसतं,
माशीने बसून उडून जावं तसं.)

"आणि टोपी नाहीच घातली, तर?"

बाई उठल्या.
बिस्किटांचा डबा, डब्यात पत्र.
एकसष्ट साल. आंतोनँ प्यूएश,
छत्र्यांना मुठी बसवणारा,
बाराव्या वर्षी शाळा सुटलेला.
सक्तीच्या नोकरीवर अल्जीरियात,
बराकीत कुणाचं तरी व्याकरण उसनं घेऊन
त्याने नव्या मास्तरीणबाईंना लिहिलं,
त्यांच्या तोडीचं लिहायचं म्हणून.
सात ओळी. शेवटची:
*मला हवं होतं, की तुम्हीच असावं.*

फ्यू. टोपी विसरलेला.

"हसले मी. चोवीस वर्षांची होते.
जन्मभर छत्र्या करणार हा,
आणि नेमकी हीच विसरला!
लाल पेन्सिलीने घातली,
समासात लिहिलं, 'प्रयत्न चांगला, लक्ष द्या',
आणि पत्र उलट टपाली पाठवून दिलं."

तो परत आला. मार्तीनशी लग्न केलं.
बाईंच्या खिडकीसमोर अडतीस वर्षं
मुठी बसवत राहिला.
चीजच्या दुकानात भेटला की
डोक्यावरची टोपी उचलायचा, बोंजूर म्हणायचा,
आणि आधी बाईंना घेऊ द्यायचा.
परवा त्याची मुलगी येऊन हे देऊन गेली.
बापाच्या हत्यारांच्या खणात होतं म्हणाली,
तुमचं अक्षर ओळखलं.

मायलीस कागद उजेडात धरते.
"पण बाई, टोपी नसली, तर अर्थ काय?"

"टोपी नसली, तर ती इच्छा राहत नाही.
साधा भूतकाळ होतो.
*तुम्हीच होतात.*
घडलं. झालं. पूर्णविराम."
मांजर साखरेवरून चालत गेलं.
"कानाला दोन्ही सारखेच. फ्यू आणि फ्यू.
त्याने तोंडाने म्हटलं असतं,
तर दुरुस्त करण्यासारखं
त्यात काहीच नव्हतं."

मायलीस दप्तर चाचपते
आणि काही न बोलता
आपला खोडरबर पुढे करते.
हिरवा, एका कोपऱ्यात चावलेला.

बाई त्याच्याकडे बघत राहतात.
"लाल जात नाही त्याने," म्हणतात. "कागद जातो."
तरी खोडरबर परत देत नाहीत.
खाली मायलीसच्या आईचा हॉर्न वाजतो.
"एकदा म्हण, मग जा."

फ्यूस, फ्यूस,
आणि जिन्यात, एक हात अस्तनीत, तिसरा.
टोपीसकट म्हणाली की टोपीविना,
ते दारात उभं राहून सांगता येत नाही.