हातचा एक

शाळेत बाई सांगायच्या,
सात आणि पाच बारा,
दोन खाली लिहा, एक हातचा.
तो वर बारीक पेन्सिलीने मांडायचा
आणि गणित सुटलं की खोडायचा.

साल्मियाच्या या सहामजली इमारतीत
चार वर्षं मी तशीच राहते.
भाडेकरारात धैर्यशील एकटा.
माझ्या बताक्यावरचा पत्ता फरवानियाचा,
तिथं एका खोलीत चार नर्स राहतात, आणि माझं नाव.
नावाचं भाडं महिन्याला पंधरा दिनार.

दाराबाहेर चपला फक्त त्याच्या.
बाल्कनीत शर्टही त्याचेच.
माझे कपडे आत एसीच्या तोंडाशी वाळतात,
त्यांना कधी ऊन लागलेलं नाही,
तेही इथं, जिथं उन्हाशिवाय दुसरं काही फुकट नाही.

बाहेर पडताना दहा मिनिटांचं अंतर.
आधी तो, मग मी.
लिफ्टमध्ये गाठ पडलीच
तर गुड मॉर्निंग म्हणतो एकमेकांना.
एकदा त्याने ते इतकं छान म्हटलं
की दिवसभर मला कुणीतरी मागणी घातल्यासारखं वाटत राहिलं.

लग्न का नाही करत?
सांगलीच्या कोर्टात विचारा.
तिथं त्याचं पहिलं लग्न अजून नांदतंय,
बायको नाही, संसार नाही, नुसती फाइल.
वकील पुढची तारीख कळवतो,
खाली जोडलेल्या हातांचं चित्र.

त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला
की मी ताट उचलून ओट्यापाशी जाते.
एकट्यासाठी कशाला रे दोन भाज्या, ती विचारते.
नजर तीक्ष्ण आहे माउलीची.

ऑगस्टमधल्या एका रात्री
तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या हुक्क्याचा निखारा गालिच्यावर पडला.
भोंगा. धूर.
जिन्यात चार भाषांमधून रडणारी मुलं.
धैर्यशील म्हणाला, चल.
मी म्हणाले, तू हो पुढे.
सवयच ती.
दार लोटून आत उभी राहिले
घड्याळाकडे बघत, तोंडावर ओला टॉवेल धरून,
पुरती दहा मिनिटं.

खाली काय झालं ते नंतर शेजारच्या रोवेनाने सांगितलं.
आगवाल्याने विचारलं, तुझ्या घरात किती माणसं?
त्याला पाप मोजायचं नव्हतं,
शिडी लावायची की नाही एवढंच ठरवायचं होतं.
धैर्यशील म्हणाला, वाहिद.
एक.
चार वर्षं घोटलेलं उत्तर,
जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तेव्हा हारिस, अबू महरूस,
ज्याला आपण फसवतोय असं आम्ही समजत होतो,
ज्याने मान वर करून कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं,
तो बनियनवर तसाच पुढे आला
आणि म्हणाला, ला. इत्नेन.
दोन बोटं वर धरून,
आगवाल्याला दिसेपर्यंत.

मी आलेच तेवढ्यात मागच्या जिन्याने,
एका पायात चप्पल, काखेत सांगलीची फाइल.
म्हणजे बघा,
जळत्या घरातून वाचवायला मला तेच सापडलं.

धैर्यशील जवळ आला नाही.
गर्दी होती, पोलीस होते.
तिथूनच बघत राहिला.
ओठ हलत होते त्याचे,
मोजत असावा.

त्यावर आम्ही बोललेलो नाही. अजून नाही.
फक्त रात्री मध्येच तो माझं मनगट चाचपतो
आणि मी जागी असूनही झोपलेली राहते.

एक तारखेला अबू महरूस आला
जिना धुण्याचे पैसे मागायला.
आजवर एक दिनार घ्यायचा.
या वेळी म्हणाला, दोन.
धैर्यशील घासाघीस करायला लागला.
मी पहिल्यांदाच दारापर्यंत गेले
आणि सुट्टे मोजून दिले.