खिडकीला मागची बाजू नसते

लानेलीत, बंद पडलेल्या शाळेच्या तळघरात
दर मंगळवारी आम्ही सहा जणी
आणि योरवर्थ.
चाळीस वर्षं त्याने पत्र्याला कथील पाजलं,
आता आमच्या रंगीत काचा सांधायला शिकवतो.

माझा डाख बघून पहिल्या दिवशी म्हणाला,
"हे काय, कोंबडी चालून गेली का यावरून?"
मव्हॅन्वी हसली. तिचा त्याहून वाईट होता.

मी लोखंड रेटत होते,
लोणी फासावं तसं कथील फासत होते,
एकाच जागी चार-चार वेळा,
चुकलं तिथे आणखी,
आणखी चुकलं तिथे आणखी थोडं.
मी पत्रंही अशीच लिहिते.
बहिणीला लिहिलेलं शेवटचं नऊ पानी होतं.
उत्तर आलं नाही.

योरवर्थ शिकवतो म्हणजे फारसं बोलत नाही.
टोक ओल्या स्पंजावर पुसतो. चुर्र.
तांब्याची पट्टी काळवंडली असेल तर
घासून लख्ख करतो, ब्रशने फ्लक्स फिरवतो.
"मळक्यावर काही धरत नाही," एवढंच.
मग टोक टेकवतो आणि थांबतो
(इथे मी कधी थांबलेच नव्हते),
आणि कथील आपण होऊन धावतं
तांब्याच्या मागे मागे,
पाठ गोल करून, पाण्यासारखं चकाकत.
तो हात सरळ वर उचलतो. बस्स.
थिजेपर्यंत श्वाससुद्धा बेतानेच.

एप्रिलपर्यंत माझी समोरची बाजू जमली.
निळा बगळा, हिरवी लव्हाळी,
चोचीला पिवळ्या काचेचा एवढासा तुकडा.
उलटून बघितलं तर
फटींतून गळलेले थेंब,
गाठी, शिंगं, खडे.
म्हटलं, मागची बाजू, कुणाला दिसणार?

योरवर्थने बगळा उचलला,
छताजवळच्या झरोक्याशी धरला.
वर रस्त्यावरून कुणाचे तरी बूट चालले होते.
थांबले. गुडघे वाकले.
एक पोरगं तोंड वाकडं करून आत बघत होतं.
"खिडकीला मागची बाजू नसते," योरवर्थ म्हणाला,
"रस्त्याला तीच पुढची."

फटी रुंद होत्या.
हे मला काच कापतानाच ठाऊक होतं.
वाटलं होतं, डाख भरून काढेल.

दोन मंगळवार नुसते उसवण्यात गेले.
कथील वितळवायचं, झटकायचं,
काचेला तडा जायच्या आत हात काढून घ्यायचा,
आणि पिवळा तुकडा नव्याने कापायचा,
या वेळी रेघेबाहेर न जाता.

बहिणीला अजून लिहिलेलं नाही.
परवा कागद पुढ्यात घेऊन बसले होते.
तारीख घातली, तिचं नाव लिहिलं
आणि पेन वर उचलून
जरा वेळ तशीच थांबले.