हातचे दोन

माझं काम टाइल्स उचलायचं.
लीड्समध्ये कालव्याकाठी जुन्या गिरणीचा केलेला स्टुडिओ,
दिवसाला पाच भाग,
आणि प्रत्येक भागानंतर मी
स्वर एका पेटीत, व्यंजनं दुसऱ्या,
आकडे कापडानं पुसून तिसऱ्या.
कोण जिंकलं ते बहुधा मला ठाऊक नसतं.

व्हर्नन थ्वेट मात्र आठवतात.
टॉडमॉर्डनच्या बस-डेपोत एकतीस वर्षं
वेळापत्रकं बसवलेली.
मेकअपच्या खुर्चीत आले तेव्हा
उजवा हात डाव्यानं पोटाशी दाबून धरलेला,
बाजारातून जिवंत कोंबडं आणावं तसा.

पहिली फेरी. तीस सेकंद संपली.
"सात अक्षरं," ते म्हणाले, "लिहिलेली नाहीत."
दुसरी. "आठ. लिहिलेली नाहीत."
ज्यानं लिहिलं नाही त्यानं आधी बोलायचं
असा इथला नियम,
शेजारच्याचा शब्द उचलल्याचा आळ नको म्हणून.
ते दर वेळी आधी बोलले.
चौथ्या फेरीला प्रेक्षकांत कुणी तरी हसलं.

शेजारी मोरवेन टलक. एकोणीस वर्षांची, ऑर्कनी बेटांवरची,
हिरवं पेन, चावून चपटं केलेलं टोपण.
ती नाही हसली.
आपला कागद पालथा घातला
आणि त्यांचं बोलून होईपर्यंत
वरच्या दिव्यांकडे बघत राहिली.

मग आकडे.
शंभर, पंचवीस, नऊ, सात, चार, तीन.
गाठायचे आठशे तेरा.
तिचे आठशे बारा झाले. एकानं हुकले.
"आठशे तेरा," थ्वेट म्हणाले. अर्थात न लिहिलेले.
"शंभरातून सात गेले, त्र्याण्णव.
त्याला नवानं गुणा. नऊ त्रिक सत्तावीस, सात मांडा,
हातचे दोन..."
आणि बोट कपाळाला लावलं.
हातचे ते डोक्यात ठेवत होते.
"आठशे सदतीस. आता चारातून तीन गेले, एक.
तो पंचविसातून काढा, चोवीस.
सदतिसातून चोवीस."
शेवटची बस वेळेवर डेपोत शिरली.

उरली एक फेरी. चौऱ्याऐंशी विरुद्ध अठ्ठ्याहत्तर.
नऊ उलटीपालटी अक्षरं, शब्द एकच, गुण दहा,
आधी बझर दाबेल त्याला.
पाटी फिरली, आणि दुसऱ्याच सेकंदाला
थ्वेटांचा बझर वाजला.

त्यांनी हाताकडे पाहिलं.
"मी नाही हो," म्हणाले, "हा वाजवून बसला."
लोकांना विनोद वाटला, टाळ्या पडल्या.
पण वाजला तो वाजला. त्यांची संधी गेली.
राहिलेली अठ्ठावीस सेकंद तिची.

अठ्ठावीस सेकंद फार असतात हो.
कॅमेऱ्यामागून उभं राहून बघा एकदा.
तिचं बोट बझरवर होतं. नखाला हिरवी शाई.
ते तिथंच राहिलं.

घड्याळ थांबलं, उत्तर आलं: लाइटशिप.
दीपस्तंभाला पाय रोवायला जागा नसते
तिथं नांगरून ठेवलेलं दिव्याचं जहाज.
"अरेरे," ती म्हणाली,
जरा लवकरच.

थ्वेटांना बक्षीस मिळालं ते पेन.
मखमली डबीत, नाव कोरलेलं.
कुणी ठरवतं हे, कुणास ठाऊक.
त्यांनी डबी डाव्या हातात घेतली
आणि मोठ्या मुश्किलीनं उजव्या खिशात घातली.

सगळे गेल्यावर मी तिच्या टेबलापाशी आले.
कागद चुरगळलेला नव्हता. चार घड्या, नीट.
वर हिरव्या शाईत पाच अक्षरं: लाइट.
उरलेली चार खाली,
एस, एच, आय, पी,
याच क्रमानं.
मध्ये बोटभर कोरी जागा.

बेटावरच्या पोरीला जहाज दिसलं नाही,
की तिनं हातचं राखलं,
मी हिशेब करत बसले नाही.
पुढच्या भागाला वीस मिनिटं होती
आणि व्यंजनांत एक एच कमी भरत होता.