भट्टी वगळून

ट्रेगॅरनला पोचले तेव्हा पहाटेचे पाच.
पुलाच्या कठड्यावर बर्फाची पातळ साय,
अख्ख्या गल्लीत घामेजलेली खिडकी एकच.
"या," ग्विलिम प्रॉसर म्हणाला,
"पण दार लोटून घ्या, पीठ फुगतंय."

भिंत मोजली. बावन्न सेंटिमीटर दगड.
आत काय भरलंय? माती, खडी, नुसती हवा?
कागद नाही म्हणाला.
कागद नसला की सॉफ्टवेअर
वाईटातलं वाईट धरून चालतं,
नव्या सुनेबद्दल गल्ली धरते तसं.

वापर: यादीतून निवडा.
बेकरी यादीत नव्हती.
'अन्न शिजवण्याची जागा' निवडलं.
दिवे सहा, एक मिचमिचणारा.
गरम पाण्याची टाकी एक.
हीटर:

"नाही," ग्विलिम म्हणाला. "कधीच नव्हता."
भट्टीचं दार उघडून बाजूला झाला.
माझा चष्मा पांढरा झाला.
आजोबांनी विटा रचल्या तेव्हापासून
ती दोनदाच विझली होती,
दोन्ही वेळा घरातल्या मयताला.

पण भट्टी म्हणजे प्रक्रिया,
आणि प्रक्रियेची ऊर्जा धरायची नाही.
रकाना रिकामा सोडला
तर सॉफ्टवेअर आपलं आपण एक हीटर बसवतं,
विजेचा, जुनाट, बकासुराच्या भुकेचा,
आणि वर्षभर पेटवून ठेवतं
इथे, जिथे आम्ही दोघं
बाह्या सारून उभे होतो.

मग ते शेजारी दुसरी इमारत उभारतं.
हेच माप, हीच दिशा,
फट नाही, ओल नाही, खोट नाही.
तिच्याशी हिची तुलना.

अक्षर आलं: एफ.
एफवर भाडेकरार वाढत नाही.
हे त्याला घरमालकानं
खाली रेघ मारून कळवलं होतं.

हात पुसून तो पडद्यावर वाकला.
"ही दुसरी. हिच्यात पाव कोण भाजतं?"
"कुणी नाही. ती नसतेच."
"नसते," तो म्हणाला,
आणि भट्टीकडे वळून वेल्शमध्ये काहीतरी बोलला,
ते मला विचारावंसं वाटलं नाही.

प्रमाणपत्र पाठवलं नाही अजून.
मंगळवारी ड्रिल घेऊन येते म्हणाले,
भिंतीत काही निघालं तर बघू.
निघेलच असं नाही.

गाडीत शेजारच्या सीटवर
लॅपटॉप आणि वर कागदात दोन पाव.
निघाले तशी टिणटिण सुरू झाली.
गाडीला वाटलं, कुणीतरी बसलंय.
मी थांबून पट्टा लावला.