फीचं पाकीट

रुमोईच्या गोदीमागे, मासळीच्या जुन्या गोदामात
आमचा ज्यूदोचा वर्ग.
खाकी पाकिटावर बारा चौकटी छापलेल्या;
पैसे मोजून कुवाबारा सर
त्या त्या महिन्यावर लाल शिक्का उठवायचे,
मान खाली घालून,
जणू चोरी त्यांचीच पकडली गेलीय.

आम्ही पोरंपोरी हिशेब मांडायचो:
चाळीस डोकी, गुणिले तीन हजार.
म्हातारा गब्बर असणार!
ओनोदेरा तर गळ्याशपथ सांगायचा,
सरांचं सप्पोरोत दुसरं घर आहे.

सर गेले, वही माझ्याकडे आली.
रॉकेल, अठरा लिटर. रॉकेल. रॉकेल.
कोपऱ्यातल्या चार चटयांना नवं कापड.
ओनोदेराची भुवई, पाच टाके.
गोदामाचं भाडं, दोन महिने उशिरा, दंडासकट.
आणि दर सव्वीस तारखेला
एक बिननावाची ओळ:
मी – चारशे.

कशाचे चारशे?
त्या ओळीनं आठवडाभर डोकं खाल्लं माझं.
शेवटी सार्वजनिक न्हाणीघराच्या मालकीणबाई म्हणाल्या,
"अहो, इथं यायचे की.
कढत पाण्यात गळ्यापर्यंत बसायचे तासभर,
मग एक बाटली कॉफीचं दूध, उभ्यानंच.
सुट्टे घरून मोजून आणलेले."

आता शिक्का माझ्या हातात.
काल एका आईनं दारातच विचारलं,
यंदा पाचशे कशाला वाढवले?
मी स्टोव्हकडे बोट दाखवलं.
खरंच आहे ते.

दुधाचं काही बोलले नाही.