धडा

झोंगुल्दाकच्या धक्क्यावर मी एकतीस वर्षं
कोळशाची वजनं करतो.
ट्रक आधी रिकामा येतो, काट्यावर उभा राहतो,
त्याचं स्वतःचं वजन लिहून ठेवायचं,
भरून आला की तेवढं वजा.
हा धडा. तो चुकला तर
माणूस चोर ठरतो, काटा नाही.

म्हणून रक्ताचा कागद आला तेव्हा
मी आधी आकडा पाहिला, मग डॉक्टरीणबाईंचा चेहरा.
सदतिसाच्या आत हवा होता.
अकराशे चौऱ्याऐंशी.
"यंत्र चुकतं कधी कधी," ओया हानिम म्हणाल्या.
हे मला कोणी सांगू नये.
दुसऱ्यांदा काढलं. अकराशे नव्वद.

मग शोधाशोध.
स्वादुपिंड पाहिलं, पित्ताशय, आतडं,
वरून नळी, खालून नळी,
जिथे जिथे तो लपतो म्हणतात तिथे तिथे दिवा नेला.
कुठेच नव्हता.
जिथे नव्हता तिथून सगळे
आणखी घाबरून परत आले.

नेबाहतनं कुणाला सांगितलं नव्हतं,
तरी शेजारणी बोरेकचं ताट घेऊन आल्या,
दारातच म्हणाल्या, गेच्मिश ओल्सुन,
होऊन गेलेलं असो,
आणि चहाच्या पेल्यांच्या बारीक कमरेकडे बघत बसल्या.

रात्री जेवदेत आठवायचा.
थोरला भाऊ. रोज चारशे मीटर खाली उतरायचा,
मी वर, खिडकीत, पेन्सिल कानावर.
शेवटी शेवटी त्याची छाती
ओढत नेलेल्या पोत्यासारखी वाजायची,
आणि रक्ताच्या कागदावर सगळं ठीक.
मला वाटलं, त्याचीच राहिलेली बाकी
कुणीतरी माझ्या नावावर फिरवली.

सापडलं ते अंकाऱ्यात,
डाव्या फुप्फुसाच्या तळाशी.
तुफान नावाचा तरुण डॉक्टर, नखं चावलेली,
पडद्यावर बोट ठेवून म्हणाला:
हा तुकडा आईच्या पोटातच वेगळा पडलाय.
फुप्फुसच आहे, पण श्वासनलिकेशी त्याचं बोलणं नाही.
रक्तही घेतो ते थेट महाधमनीतून,
स्वतःची वेगळी नळजोडणी केल्यासारखा.
दार नाही, म्हणून आत पाझरतं ते साचतं,
साचून साचून रक्तात झिरपतं.
तेच मोजत होतो आपण.

म्हणजे कर्करोग नाही?
नाही.
म्हणजे आकडा खोटा?
"आकडा खराच आहे, रेशात बे.
आपण त्यावरचं नाव चुकीचं वाचलं."

चोपन्न वर्षं.
माझ्या पहिल्या रडण्यातही त्यानं हवा घेतली नाही.
शाळा, लष्कर, लग्नाचा झुर्ना,
जेवदेतच्या खाटेशी मी रोखून धरलेला श्वास,
यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचलं नाही.
या गावात ज्याला त्याला छातीत काळं घेऊन जावं लागतं,
आणि माझ्यात एक खोली होती
जिथे कोळशाचा एक कणही नव्हता.

ती काढली.
पाहू का, विचारलं मी. तुफान हसला,
तपासायला गेली, म्हणाला.
महिन्यानं दोनशे बारा. मग एकतीस.
नेबाहतनं तो कागद फ्रिजवर लावला,
मी काढून ड्रॉवरमध्ये टाकला.
तिनं परत लावला.

कामावर गेलो त्या दिवशी
जेवणाच्या सुट्टीत काटा मोकळा होता. चढलो.
ट्रकचा काटा, वीस-वीस किलोंनी सरकणारा,
माणसाला धड मोजत नाही.
ऐंशी म्हणाला.
आधीही ऐंशीच म्हणायचा.
उभा राहिलो तसाच, बरगडीखालच्या टाक्यांवर हात ठेवून,
श्वास आत घेतला, सोडला. आकडा हलला नाही.

मागून हॉर्न वाजला. भरलेला ट्रक,
ड्रायव्हर नवा, पोरगेलासा.
उतरलो.
"असा नाही," म्हटलं, "आधी रिकामा आण."